एकेचाळिसावी रांग

२ फेब्रुवारी

मुंगे,

टिक्, टिक्, टिक्. आठवतो का तुला तो आवाज? पडद्यावरच्या चौकटीत एकेक अक्षर उमटायचं आणि प्रत्येक अक्षरासोबत नखानं काचेवर टिचकी मारल्यासारखा एवढासा आवाज व्हायचा. तू माझ्या टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असायचीस. तिथून पडदा दिसत नसे, पण नुसत्या टिकटिकीवरून सांगायचीस, "बाबा, ही मोठी ओळ होती." आणि खरोखरच ती मोठी असायची. वृत्ताचा कान तुला जन्मजात होता. मी उगाच बोटं मोजत बसायचो.

तुझं पत्र परवा आलं. नऊ वर्षांनी आलं आणि साडेचार ओळींचं आलं. तेही यंत्रावर टाइप केलेलं, म्हणजे तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे कलतं का हे पाहायची सोय नाही. मी ते इतक्यांदा वाचलं आहे की आता शाळेतल्या कवितेसारखं पाठ झालंय. "बाबा, 'पैलतीर'चा पहिला भाग आम्ही नव्यानं करतोय. संहिता माझ्याकडे आहे. जुन्या तक्त्यातली एकेचाळिसावी रांग कोणी भरली? मावशीला विचारलं तर म्हणते, ते तुझ्या बाबांनी सांगायचं. पंचवीस तारखेला संहिता बंद होईल."

तब्येत कशी आहे, जेवता का, काही नाही. बरं. विचारलं असतंस तर मी खोटंच सांगितलं असतं.

मी बरा आहे. खोली तीच, जिना तोच, फक्त पायऱ्या हल्ली वाढल्यासारख्या वाटतात. खाली शिंपीकाकांचं दुकान अजून चालतं. पत्र त्यांनीच वर आणून दिलं. पाकिटावरची परदेशी तिकिटं बघून म्हणाले, "मास्तर, लेकीचं दिसतंय. आधी चष्मा पुसा, मग फोडा." गृहस्थ भारी आगाऊ आहे.

तू विचारलेल्या रांगेबद्दल म्हणशील तर तेहतीस वर्षं झाली. त्या काळी आम्ही सगळेच नवे होतो. तक्ते हातानं भरायचे, कागद लांबच लांब, कडेला भोकांच्या रांगा. एका ओळीत अक्षरांची अठरा घरं, एका चौकटीत तीन ओळी, त्यात काय ते बसवा. अशा गर्दीत एखादी ओळ कोणी भरली हे कोण सांगणार? ऑफिसात सगळं मिळूनच चालायचं.

जपून राहा. तिकडे थंडी असेल.

तुझे बाबा

७ फेब्रुवारी

मुंगे,

मागचं पत्र टाकून आलो आणि जिना चढताना माझीच मला लाज वाटली. 'सगळं मिळूनच चालायचं' म्हणे! असलं उत्तर वर्गात एखाद्या पोरानं दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तेव्हा सुरुवातीपासून लिहितो. तुला यातलं बरंच माहीत आहे. पण आता तू हा खेळ घडवणारी झालीस आणि मी नुसता आठवणारा उरलो, म्हणून माझ्या बाजूनं एकदा लिहू दे.

शाळेतली नोकरी सोडून मी त्या ऑफिसात गेलो कारण तिथे तुला सोबत नेता यायचं. तुझी आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. जपानमधून व्हिडिओ खेळ यायचे. पश्चिमेकडच्या एका कंपनीनं ते तिकडच्या बाजारात आणायचे ठरवले होते, पण तिच्याकडे जपानी कळणारं एकही माणूस नव्हतं, म्हणून सगळं काम आमच्याकडे. पहिल्या खोलीत तुझी मावशी. सख्खी नव्हे, पण तू तिला पहिल्याच दिवशी मावशी म्हणालीस आणि तो विषय संपला. ऑफिसात सगळे तिला दुभाषीबाई म्हणत. ती जपानी वाचून डाव्या रकान्यात सरळ अर्थ लिहायची, पेनानं, खाडाखोड न करता. मग तक्ता माझ्याकडे यायचा. मला जपानी शून्य. माझं काम तो अर्थ आपल्या भाषेत अठरा घरांत बसवायचं. उजवा रकाना माझा. आणि माझ्या रकान्यावरून पुढच्या खोलीतले लोक पश्चिमेकडच्या सात भाषांत तो खेळ नेत. म्हणजे मी 'नदी हसली' लिहिलं तर सात देशांत नदी हसायची. एवढी सत्ता कुठल्या भाषेच्या मास्तराला मिळते?

'पैलतीर' आला तेव्हा मी अक्षरशः हरखून गेलो. एक लहान मूल, बारा नद्या, प्रत्येक नदीवर एक नाव. एकदा पलीकडे उतरलं की ती नाव मागे फिरत नाही. मागचा काठ गेला तो गेलाच. ऋतू बदलतात, पानं गळतात, लढाईआधी दोघेही एकमेकांना वाकून नमस्कार करतात, आणि निम्मा वेळ कोणी काही बोलतच नाही. मी तुला म्हणायचो, "बघ, याला म्हणतात पूर्वेची रीत." तू मोठी झाल्यावर माझं ते सगळं धुऊन काढलंस. म्हणालीस, "बाबा, तो पंखांचा राक्षस, मनोऱ्यांचा किल्ला, मारलं की वाढणारी ताकद, हे त्यांनी पश्चिमेकडच्या फाशांच्या खेळांतूनच उचललंय. तुमची पूर्व निम्मी पश्चिमेची आहे." मी दोन दिवस रुसलो होतो. तुझं खरं होतं. हा खेळ घडवणाऱ्या त्या जपानी कारागिरानं दुसऱ्याची वीट घेऊन स्वतःचं घर बांधलं होतं.

पुढचंही तुला माहीत आहे. चौथ्या भागापासून खेळ पश्चिमेकडच्या त्या कंपनीच्या हातात गेला. नद्यांवर पूल आले. मुलाला नाव आलं, आवाज आला, नंतर तर असे खांदे आले की शिंपीकाकांनी वेष्टनावरचं चित्र बघून विचारलं, "याचं माप घ्यायला शिडी लागेल, नाही?" हवं तेव्हा मागे फिरा, हवं ते बोला, घर बांधा, घर सजवा. आणि दर भागाच्या शेवटी नायक परततो तेव्हा खिडकीत दिवा. लोकांनी यावर जाडजूड लेख लिहिले. जाणं हे जपानी अंग, परतणं हे पाश्चात्त्य अंग, दोन प्रवाहांचा संगम वगैरे. मी ते लेख कापून ठेवले आहेत.

कारण तो दिवा एकेचाळिसाव्या रांगेतून आला होता. पहिल्या नदीच्या काठावर आई उभी आहे, मूल नावेत बसलं आहे, आणि चौकट उघडते:

परत येशील तेव्हा
दिवा लागलेला असेल.

ही रांग मी भरली. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. डावा रकाना रिकामा होता. मला वाटलं, तुझ्या मावशीकडून उतरवायची राहून गेली. छापायला दोन दिवस होते. ती तापानं घरी होती. मी आयुष्यभर पोरांना 'रिकाम्या जागा भरा' घालत आलेला माणूस, मला मोकळं घर दिसलं की हात शिवशिवतात. आणि टेबलाखालून तूच विचारलंस, "बाबा, ती आई काहीच का बोलत नाही?"

तेव्हा झालेली ती चूक म्हण. चांगल्या मनानं झालेली.

बाबा

१२ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचायला दिवस लागतात हे मला समजतं. तरी खाली पोस्टमन थांबला की मी कठड्याशी जातो. शिंपीकाका खालून मान हलवतात आणि कापड कापत राहतात.

मागच्या पत्रात मी तुझ्यावर ढकललं. सहा वर्षांच्या पोरीवर. तू ते वाचशील तेव्हा तुझ्या कपाळावर कुठली आठी पडेल तीही मला ठाऊक आहे, तुझ्या आईची. ते वाक्य खोडून वाच. विचारलं होतंस हे खरं, पण विचारणं आणि करणं यांत माझा अख्खा हात होता.

आज मावशीच्या नोकरीबद्दल लिहितो. नऊ वर्षांपूर्वी याच टेबलावर तू मला तेच विचारलं होतंस. तुझी बॅग भरून दाराशी होती. तुला तिकडे त्या कारागिराच्याच ऑफिसात काम मिळालं होतं. मावशीनं तुला शिकवलेल्या जपानीच्या जोरावर मिळालं होतं. मी किती खूश होतो! आणि तू ताटावरून नजर न उचलता विचारलंस, "बाबा, मावशीला कामावरून का काढलं?" मी म्हणालो, "काम अर्धवट टाकायची सवय होती तिला."

तू घास खाली ठेवलास. तिनं तुला शिकवलेलं एकेक अक्षर शंभर वेळा गिरवून घेतलं होतं. अर्धवट हा शब्द तिला चिकटतच नाही हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? तू एवढंच म्हणालीस, "खरं सांगावंसं वाटेल तेव्हा लिहा." आणि गेलीस. मी दारापर्यंतही आलो नाही.

झालं ते असं. खेळ बाजारात आल्यावर सात महिन्यांनी जपानहून पत्र आलं. अत्यंत नम्र. आपण केलेल्या सुंदर कामाबद्दल आभार, खेळ इतक्या घरांत पोचला याचा आनंद, आणि शेवटी जाता जाता एक शंका: पहिल्या नदीकाठी आई बोलते, ते शब्द कुठून आले हे कृपया कळवाल का? आमच्या साहेबांना आम्ही घड्याळसाहेब म्हणायचो, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'किती वाजेपर्यंत' नं सुरू व्हायचं. त्यांनी दोघांना आत बोलावलं. टेबलावर तक्ता पसरलेला.

"किती वाजेपर्यंत उत्तर देऊ मी यांना? बाई, डावा रकाना रिकामा कसा?"

"रिकामा नव्हता, साहेब. तिथे मूळ खेळातच काही नाही. तसं मी पेन्सिलीनं लिहिलं होतं."

"पेन्सिलीनं? आणि कुठे आहे ते?"

तिनं तक्ता स्वतःकडे ओढला. एकेचाळिसाव्या रांगेपाशी आली आणि त्या जागेवरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा, सावकाश, आंधळी माणसं वाचतात तसं. मग माझ्याकडे पाहिलं.

साहेब म्हणाले, "मास्तर, तुम्ही काही लिहिलेलं पाहिलंत?"

मी काय म्हणालो ते आता नीट आठवत नाही. साहेबांनी जपानला कळवलं की दुभाषीकडून रांग सुटली आणि मास्तरांनी वेळ निभावून नेली. पुढच्या महिन्यात तिचं टेबल रिकामं झालं. जाताना तुझ्या हातात तिनं स्वतःचा जुना शब्दकोश दिला. मला म्हणाली, "तिचा अभ्यास बंद पडू देऊ नका, मास्तर." रविवारी तुला शिकवायला ती यायची, ती पुढेही येतच राहिली, बारा वर्षं. मी दार उघडायचो. आम्ही हवापाण्याचं बोलायचो. तुझा अभ्यास पुरा झाला तसं तिनं गाव सोडलं. मला पत्ता दिला नाही, मी मागितला नाही.

तुझे बाबा

१५ फेब्रुवारी

मुंगे,

मला आठवतं. मी 'नाही' म्हणालो.

तीन पत्रं लिहिली तरी मी अजून खऱ्याच्या भोवतीच फिरतो आहे. आज फिरत नाही.

डावा रकाना रिकामा होता आणि त्याच्या शेजारी, कडेच्या भोकांना लागून, पेन्सिलीनं तिच्या बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: "मूळ खेळातच काही नाही. चौकट उघडून रिकामीच राहते. तशीच ठेवा." मी ते वाचलं. दोनदा वाचलं. राहून गेलं असं मला कधीच वाटलं नव्हतं. माझ्या खिशात शाळेपासूनचा खोडरबर असायचा. मी ते खोडलं. कागदाची लव उठली, ती नखानं घासून बसवली. तिचं बोट त्याच लवेवरून फिरत होतं. तिला कळलं होतं. ती काही बोलली नाही, आणि मी तिच्या न बोलण्याचा आधार घेतला.

का खोडलं ते सांगतो. सबब म्हणून नव्हे, तुला हवं म्हणून. त्या दुपारी मी मूळ खेळ लावून पाहिला. मूल नावेत बसतं. आई काठावर. चौकट उघडते आणि टिकटिक होतच नाही. फक्त वल्ह्याचा आवाज. मोजून नऊ सेकंद. मग नाव सुटते. ते नऊ सेकंद माझ्यानं बसून बघवेनात. तुझी आई शेवटचे दोन दिवस काहीच बोलली नव्हती हे तुला मी कधी सांगितलं नाही. तिचे ओठ हलायचे. मी कान नेऊन बसायचो. तू बाहेरच्या खोलीत होतीस आणि मी बाहेर येऊन तुला म्हणालो, "आई म्हणाली, शहाण्यासारखी राहा." तेही मीच भरलेलं होतं. ते एकदा भरल्यावर दुसरं भरायला हात कचरला नाही.

आणि अजून एक आहे. ते लिहायला सगळ्यात जड जातंय. मी आयुष्यभर कविता केल्या. शाळेच्या वार्षिकात दोन छापून आल्या, त्यातल्या एकीत छापखान्यानं शेवटचं कडवंच गाळलं. कोणालाही माझी एकही ओळ येत नव्हती. आणि ही एक ओळ माणसं पाठ म्हणू लागली! एका परिचारिकेनं लिहिलं की रात्रपाळीला जाताना ती मुलाला हीच ओळ म्हणते. एका बाईनं ती नवऱ्याच्या थडग्यावर कोरून घेतली, फोटो पाठवला. घड्याळसाहेबांनी विचारलं तेव्हा त्या पत्रांतलं पहिलं पत्र माझ्या खिशात होतं. 'हो, पाहिलं होतं' म्हणालो असतो तर दुसऱ्या आवृत्तीत ओळ निघाली असती. मी तिची नोकरी जाऊ दिली आणि माझी ओळ ठेवली. इतकं सरळ आहे ते.

सोबत वेगळ्या कागदावर जबाब लिहून सही केली आहे. एकेचाळिसावी रांग मी भरली, दुभाषीची सूचना मी खोडली, विचारल्यावर मी खोटं बोललो, दुभाषीचा काही दोष नव्हता. तुला तुझ्या लोकांना दाखवायचा तर दाखव. माझं नाव काढायचं तर काढ. एक प्रत मावशीला. तिचा पत्ता तुझ्याकडे आहे, माझ्याकडे नाही.

पोस्टानं हे पंचवीस तारखेच्या आत पोचणार नाही. म्हणून इथवरची पानं आणि जबाब शिंपीकाकांना फोनवरून फोटो काढून पाठवायला दिली. त्यांनी एकेक पान कापडासारखं टेबलावर सरळ केलं, सुरकुत्या काढल्या, फोटो काढले. मी म्हणालो, "वाचलं नाहीत ना?"

"छे हो. मी कशाला वाचतोय?"

पानांची चळत नीट लावली. मग म्हणाले, "दुसऱ्या पानावर शाई फुटलीय, मास्तर. परत लिहू नका. तसंच जाऊ दे."

बाबा

३ मार्च

मुंगे,

तुझं पत्र काल मिळालं. या वेळी हातानं लिहिलेलं. अक्षर अजून उजवीकडे कलतं.

ओळ काढलीस. चांगलं केलंस. खोटं कशाला बोलू, वाचल्यावर मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो आणि बराच वेळ रस्त्यावरची एकही गोष्ट मला दिसली नाही. पण चांगलं केलंस. नामावलीत मावशीचं नाव पहिलं घातलंस, आणि माझं अजिबात नाही, हेही. तू विचारलंस की नाव वगळलं तर चालेल का. मुंगे, असं विचारायचं नसतं, करायचं असतं. मी इतकी वर्षं विचारलं नाही आणि तू मात्र विचारतेस. हे तू माझ्याकडून नाही शिकलीस.

पश्चिमेकडच्या मंडळींनी कडाडून विरोध केला म्हणतेस. 'आमच्या आठ भागांचा पाया काढून घेता' म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी बिचाऱ्यांनी माझ्या शब्दांवर विश्वास ठेवून एवढी मोठी घरं बांधली. त्यांचे दिवे त्यांच्याकडे राहू दे. ज्यांनी ते पाहून धीर धरला त्यांचा धीर काही खोटा नव्हता.

पण म्हाताऱ्या कारागिराचं तू जे लिहिलंस त्यानं मला काल रात्रभर झोपू दिलं नाही. माझा जबाब तू त्यांना वाचून दाखवलास तेव्हा ते म्हणाले की मास्तरांचं बरोबर आहे, आई नक्कीच काहीतरी बोलली. पण नाव सुटलेली असते, पाणी मध्ये आलेलं असतं, आणि मुलाला ते ऐकू येत नाही. चौकट मुलाच्या कानाची आहे, आईच्या तोंडाची नाही. म्हणून ती उघडते आणि रिकामी राहते.

तेहतीस वर्षं मी समजत होतो की त्या आईला बोलता आलं नाही आणि मी तिला शब्द दिले. खरं म्हणजे ते मूल ऐकू न येताही निघालं होतं, आणि मी त्याचं ते धाडस पुसलं. तुझ्या बाबतीतही तेच. मी दाराशी आलो असतो, काही बोललो असतो, तरी तू जाणारच होतीस आणि जायलाच हवं होतंस. मला मात्र वाटत राहिलं की माझा एखादा शब्द कमी पडला.

तू विचारतेस, तुझ्या आईनं त्या दोन दिवसांत खरंच काय म्हटलं असेल. मला माहीत नाही. हे पहिल्यांदाच लिहितोय. मला माहीत नाही, मुंगे.

आता जरा थांबतो. खालून शिंपीकाका ओरडताहेत, "मास्तर, वर माणूस येतंय! दमानं येतंय, दार उघडा!" तू नव्हेस हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण तू पुढच्या महिन्यापर्यंत सुटत नाहीस असं लिहिलंयस. आणि माझ्याकडे कोण येणार? वीजमोजणीवाला एवढा दमानं येत नाही. प्रत्येक पायरीवर थांबून वर येतंय कोणीतरी. काठीचा आवाज आहे.

पाहून आलो.

तुझी मावशी आली आहे. केस पांढरेशुभ्र, पाठ थोडी वाकली आहे, पण चष्म्याआडून बघायची तऱ्हा तीच. पहाटे निघून दोन गाड्या बदलून आली. दारात मी जबाबाचंच बोलायला लागलो, की मी सगळं लिहून दिलंय, सविस्तर लिहिलंय, काही ठेवलं नाही. तिनं काठी भिंतीला टेकवली, धाप ओसरू दिली आणि म्हणाली:

"वाचला मी, मास्तर. फार सुंदर लिहिलाय. म्हणूनच आले. कागदावर तुम्ही काहीही सुंदर लिहू शकता, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? आता मला समोर बसून तोंडानं सांगा."

ती आत बसून पाणी पिते आहे. पेला अर्धा झाला आहे. तेवढ्यात एवढं लिहिलं. पेन खाली ठेवतो.